साळूबाईचे डॉक्टर

डॉक्टर,

आज सकाळी वलवणच्या धरणाच्या कडेने चालत होतो. धुके इतके दाट होते की पाणी कोठे संपते आणि आभाळ कोठे सुरू होते ते दिसत नव्हते. बरेच अंतर गेल्यावर धोतर गुडघ्यापर्यंत भिजल्याचे लक्षात आले. पायवाट तुमच्यासाठी मोकळी सोडून मी कडेच्या गवतातून चाललो होतो. इतक्या वर्षांची सवय. मी मोठ्याने विचारलेसुद्धा, "या आठवड्यात साळूबाईला कुठे पाठवायचं?"

धुक्यातून एका म्हाताऱ्या गुराख्याचा आवाज आला, "कुनाला पाठवायचं म्हनता, मास्तर? हितं मी आन् म्हसरं, दुसरं कोन बी न्हाई."

तुम्ही असता तर त्या दोन वाक्यांवर एक आठवडा निभावून नेला असता.

तुम्हाला जाऊन आज चौदा दिवस झाले. वर्तमानपत्रात तुमचा फोटो आला, पदवी आली, जन्मगाव आले. 'विनोदी चित्रमालेचे लेखक, पूर्वाश्रमीचे डॉक्टर' असे तुमचे वर्णन आले. ते सारे खरेच आहे. मी लिहितो आहे ते निराळ्या कारणासाठी. तुम्ही मला एकदा एक काम सांगितले होते आणि मी नाही म्हणालो होतो. ते काम मी काल केले. त्याची हकीकत तुम्हाला सांगायची आहे, आणि सांगायला मी उशिरा आलो आहे.

आपली पहिली भेट आठवते का? मी नुकताच शाळेवर लागलो होतो. कान्ह्याच्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. मी बी. ए. झालो तेव्हा वडील चार दिवस माझ्याशी अहो-जाहो करीत होते. आईने रागावून ते बंद केले. पदवीचा कोट मी उन्हाळ्यातही काढत नसे. तुम्ही शाळेला जुनी पुस्तके द्यायला आला होता आणि माझ्या वर्गाच्या दारात थांबलात. भूगोलाच्या तासासाठी मी फळ्यावर भातलावणी काढली होती.

"मास्तर, ही बाई कोणी काढली?"

"मी. पुसतो लगेच."

"पुसाल तर खबरदार. पाठीचा बाक बरोबर आला आहे. मला बाई काढता येत नाही हो. पदर काढायला जातो आणि पोतं होतं."

दुसऱ्या दिवशी तुमच्या ओसरीवर अक्कांनी, म्हणजे तुमच्या थोरल्या बहिणीने, चहा ठेवला आणि तुम्ही माझ्यापुढे एक जुना कागद सरकवला. दवाखान्याच्या शिल्लक कागदांपैकी तो होता. तुमचा दवाखाना बंद होऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. गावात त्याची कारणे अनेक सांगत. कोणी म्हणे डोळे गेले, कोणी म्हणे डोके गेले. बंगल्यांवरून रद्दीत येणाऱ्या विलायती वर्तमानपत्रांतली चौकटीचौकटींची चित्रे तुम्ही कापून ठेवता, एवढे मात्र सगळ्यांना माहीत होते. त्या कागदावर औषध लिहावे तसे तुम्ही लिहिले होते: सकाळी, दुपारी, संध्याकाळी, निजताना. आणि प्रत्येकापुढे एकेक वाक्य. ती साळूबाईची पहिली चित्रमाला.

पुढे आपली तीच रीत झाली. चार चौकटी म्हणजे चार डोस. तुम्ही लिहायचे, मी काढायचे, आणि शनिवारच्या गाडीने चित्र पुण्याला जायचे, छपाईचा ब्लॉक करायला. "तिसरा डोस पातळ झाला आहे," तुम्ही म्हणायचात. किंवा, "निजतानाचा डोस फार गोड नको, लोकांना वाईट सवय लागेल." लढाईत कागद कमी पडला आणि संपादकांनी चारांच्या तीन चौकटी केल्या तेव्हा तुम्ही अक्कांना गंभीर चेहऱ्याने सांगितलेत, "सरकारने आमच्या बाईची झोप बंद केली."

साळूबाई प्रत्येक गोष्टीशी भांडायची. घाट चढताना धापा टाकणाऱ्या इंजिनाशी, साहेबाच्या कुत्र्याशी, धरणाच्या पाण्याशी. माणसांशी क्वचित. पुण्यातले लोक तिला हसत आणि मावळातले लोक आपापल्या चुलत्या-मावश्या तिच्यात ओळखत. पहिल्या महिन्यात मी तिच्या तोंडी एक 'तथापि' घातला होता. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात.

"हा तथापि कोणाचा?"

"साळूबाईचा."

"ती कुठल्या कॉलेजात होती? तुझी आई भांडताना काय म्हणते?"

मला सांगायची लाज वाटली. "आई म्हणते, 'मंग?'"

"झालं तर. लिही, 'मंग?'"

पुण्यातली चार वर्षे मी आईचे ते बोलणे ट्रंकेच्या तळाशी ठेवल्यासारखे लपवले होते. तुम्ही ते बाहेर काढून वर्तमानपत्रात छापलेत. त्या रविवारी मी कान्ह्याला जाऊन आईला चित्र वाचून दाखवले. ती म्हणाली, "ही तर आपल्यातलीच बाय हाय. शाळंत आसलं बी शिकवत्यात व्हय?" कोट मी त्यानंतर कधीतरी घालायचा सोडला, नेमका केव्हा, ते आठवत नाही.

फक्त एका बाबतीत तुम्ही हट्टी होता. एकदा मला दोन आठवड्यांची सलग गोष्ट सुचली. साळूबाईला ताप येतो, ती वैद्याशी भांडते, अशी. तुम्ही कागद परत केलात. "नाही. तिला काही होणार नाही." मी म्हणालो, "दुसऱ्या आठवड्यात बरी होईल की." तुम्ही पुन्हा तेच म्हणालात आणि उठून आत गेलात. अक्का माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटले, लेखकाचा लहरीपणा.

मग ते वर्ष आले. मावळात हिवतापाने घरेच्या घरे अंथरुणाला खिळली होती. माझ्या वर्गात निम्मे बाकही भरत नव्हते. कान्ह्याला आमची थोरली वहिनी वाचेल की नाही अशी धास्ती होती. तिला बैलगाडीत घालून लांबच्या दवाखान्यात नेले तेव्हा तिला माणसे ओळखू येत नव्हती. ती वाचली. पण मी तिथून सरळ तुमच्याकडे आलो आणि आपण नेहमीसारखे धरणाकडे फिरायला निघालो. दुपारची वेळ होती, पाण्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. तुम्ही साळूबाईविषयी काहीतरी सांगत होता. मी मध्येच थांबवून म्हणालो,

"लोक तापाने फणफणताहेत, आणि डॉक्टर झालेला माणूस चौकटींत गमती लिहीत बसला आहे. याला मी पळणं म्हणतो."

इतके कठोर मी कोणाशी कधी बोललो नव्हतो. तुम्ही रागावला नाहीत. एका दगडावर बसलात आणि पाण्याकडे पाहत, जणू कोणा दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसे सांगू लागलात. माझ्या मनात ते सगळे अजून त्या सरकत्या सावल्यांतूनच दिसते.

तुमच्या दवाखान्यात औषधाच्या बाटलीला कागदाची खाचा पाडलेली पट्टी डकवत. एक खाच म्हणजे एक डोस. येणाऱ्यांना अक्षर कळत नसे, म्हणून तुम्ही पट्टीवर चित्रे काढू लागलात. वरच्या खाचेत घोंगडी पांघरून निजलेला गडी, खालच्या खाचेत उठून बसलेला, मग उभा राहिलेला, आणि अगदी तळाशी नांगर धरून शेतात चाललेला. औषध खाली उतरत जाई तसा गडी बरा होत जाई. लोकांना ते फार आवडले. लांबलांबच्या वाड्यांवरून माणसे येत आणि म्हणत, चित्राची बाटली द्या. तुम्हाला त्याचा अभिमान वाटे. तुम्हाला दुसरे काही काढता येत नव्हते. पागोट्याचा एक गडी तेवढा जमला होता.

एका बाजाराच्या दिवशी लोहगडवाडीहून एक जोडपे आले. हौसा आणि खंडू. ताप हौसाला होता. दवाखान्याच्या पायरीवर बसून ती तापाशी भांडत होती: "येतोस तर ये, पर दुपार टळू दे की रं. माझी लावनी व्हायचीय." तुम्ही आतून ऐकले आणि हसलात. दहा मिनिटे तिला तपासलेत, हिवतापावरचे कोयनेलचे कडू औषध दिलेत, पट्टीवर नेहमीचा गडी काढलात. बाहेर गर्दी होती. सांगायचे ते दोन शब्दांत सांगून झाले.

आठ दिवसांनी खंडू एकटा बाटली परत करायला आला. चित्राची पट्टी भिजू नये म्हणून बाटली त्याने जपून, आतूनच धुतली होती.

"औषद समदं संपलं, डाक्तर. मला बरं वाटतंय. हौसा ऱ्हायली न्हाई."

"तू का प्यालास?" तुम्ही विचारलेत.

त्याने पट्टीवर बोट ठेवले. "ह्यो गडीच हाय की."

त्यानंतर तुम्ही दोन वर्षे दवाखाना चालवलात. नाडी धरली की बोटांखाली दुसऱ्याच कोणाची तरी नाडी लागते असे वाटू लागले, म्हणालात. मग बंद केलात.

साळूबाई कोण, ते मला त्या दगडाजवळ उभा असताना कळले. तिला ताप का येत नाही, तेही. दहा मिनिटे पाहिलेल्या एका बाईला तुम्ही दर रविवारी जिवंत ठेवत होता.

आणि मग तुम्ही ते विचारलेत. "खंडूला मी त्यानंतर पाहिलेलं नाही. तू माझ्याबरोबर वर येतोस का? नाहीतर आधी तू जाऊन ये. नुसतं बघून ये, तो कसा आहे. माझं तोंड बघेल का, ते विचार."

मी म्हणालो, "नाही, डॉक्टर. हे तुमचं तुम्हीच करायला हवं. मध्ये माणूस घालून क्षमा मागता येत नाही."

तुम्ही काठी हातात घेतलीत. "बरोबर आहे," म्हणालात. आणि काठी टेकत उठताना, "चला, तिसरा डोस राहिला आहे."

पुन्हा तो विषय तुम्ही काढला नाहीत. मीही नाही. मी वाट पाहत होतो, तुम्ही एके दिवशी सांगाल की जाऊन आलो. तुमचे गुडघे त्या हिवाळ्यात गेले. पुढच्या वर्षी दमा आला. मळवलीपर्यंत गाडी, तिथून भाजे, भाज्यावरून खिंड, ती चढण तुमच्या आवाक्याबाहेर गेली तरी मी वाटच पाहत राहिलो. गाडी मळवलीवरून जाताना लोहगड दिसला की तुम्ही खिडकीतून तोंड फिरवायचात. मी ते पाहायचो आणि मनात म्हणायचो, अजून मनाची तयारी नाही यांची.

परवा संपादकांचे पत्र आले. माला बंद करावी, की आपण एकट्याने चालवाल? पत्र घेऊन मी तुमच्या रिकाम्या ओसरीवर बसलो. अक्कांनी आतून विचारले, "साळूचं काय करणार?" मी पत्र वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "त्याला नाही विचारता येणार आता. दुसरं कुणी असेल तर त्याला विचार."

म्हणून काल मी लोहगडवाडीला गेलो. अक्कांनी जपलेल्या कात्रणांची चळत बरोबर घेतली. खिंडीत धुके होते, आणि त्याच्या आत सोनकी फुललेली, इतकी पिवळी की धुक्यालाच उजेड आल्यासारखे वाटत होते. दोनदा वाट चुकलो. वाडीत पोचलो तेव्हा खंडूभाऊ अंगणात गुरांचे दावे वळीत बसले होते. अगदी म्हातारे झाले आहेत, डॉक्टर. केस कापसासारखे.

मी कोण ते सांगितले. म्हणालो, "डॉक्टर गेले."

"कंचं डाक्तर? चित्राच्या बाटलीवालं?" त्यांनी हातातले दावे खाली ठेवले. "कवा?"

"झाले दोन आठवडे."

"आन् मला कुनी सांगितलं न्हाई."

"मला वाटलं, तुमचा त्यांच्यावर राग असेल."

"माजा?" त्यांना ते खरोखरच कळेना. "मास्तर, त्यो मानूस माझ्यावर चिडून दवाखाना मोडून बसला. राग त्याचा आसायचा का माजा?"

आणि मग त्यांनी जे सांगितले ते तुम्ही ऐकायला हवे होते. "बाटली घिऊन घरी आलो तवा मी हौसाला म्हनलं, आगं, ताप तर तुला हाय. ती म्हनली, डाक्तर काय येडा हाय? त्यानं गडी काडलाय, म्हंजी रोग तुजा. मला वाटलं, त्याला माझ्यात काय तरी दिसलं आसंल, आन् तोंडावर बोलला न्हाई. लय भ्यालो मी. मरायच्या भ्यानं प्यालो, मास्तर. ती बाजूला थंडीनं कुडकुडत हुती आन् मी रोज कुटवर उतरलं ते बघत हुतो. बाटली दिऊन आलो, मंग डाक्तरला पुन्यांदा तोंड कसं दावू? बाजाराला जायचो तर त्याची आळी सोडून मागनं जायचो. मंग कळलं, दवाखाना बंद झाला. म्हनलं, हे बी माझ्यामुळं."

तुम्ही खिडकीतून तोंड फिरवत होता आणि ते तुमची आळी सोडून मागच्या वाटेने जात होते. इतकी वर्षे.

मी कात्रणे काढली. साळूबाई कोण ते सांगितले आणि वाचायला लागलो. साहेबाची मोटार चिखलात रुतते आणि साळूबाई कमरेवर हात ठेवून तिच्यापुढे उभी राहते, ते चित्र तुम्हाला आठवत असेल: "चार पाय आस्तं तर उठली आस्तीस. चाकावर बसून नुसती खातीस." खंडूभाऊ आधी चित्रावर वाकले. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटले रडताहेत. ते हसत होते. मग दोन्ही झाले.

"ही हौसाच. चुलीसंगंबी भांडायची ती. डाक्तरला कुनी सांगितलं?"

"कोणी नाही. दहा मिनिटं पाहिलं होतं त्यांनी."

त्यांनी कात्रणातल्या मोटारीवर बोट ठेवले. मग म्हणाले, "पर ह्ये आर्दं हाय. मोटारीवर वरडून झाल्यावर ती तिच्या पाठीवरनं हात फिरवती. भांडून झालं की हात फिरवायचीच. बैलावरनं, जात्यावरनं. माझ्यावरनंबी."

ते दहा मिनिटांत दिसण्यासारखे नव्हते, डॉक्टर. माला बंद करू नये असे मी आज संपादकांना कळवले आहे. या रविवारच्या चित्रात साळूबाई धरणाच्या भिंतीशी भांडते, आणि तिसऱ्या चौकटीत काही न बोलता भिंतीवर तळवा ठेवून उभी राहते. शब्द नाहीत. तुम्ही तो डोस पातळ म्हणाला असता का? मला वाटत नाही.

निघताना खंडूभाऊ खिंडीपर्यंत पोचवायला आले. मी म्हणालो, डॉक्टरांच्या मनात फार होते तुमच्याकडे यायचे, पण गुडघ्यांनी चढवत नव्हते. ते वाटेत थांबले.

"मंग मी गेलो नसतो का खाली? माझं पाय धड हायेत की. एक निरोप द्यायचा हुता. बाजारातल्या कुनाच्याबी हाती."

धुक्यात त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, आणि मी त्यांना सांगितले नाही की तो निरोप तुम्ही देऊ केला होता, माझ्याच हाती. तेवढे धैर्य झाले नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते अक्कांना भेटायला येणार आहेत, तेव्हा सांगेन. आधी तुम्हाला सांगतो आहे. धरणाजवळच्या त्या दगडापाशी मी नाही म्हणालो, तेव्हा मला फार बरोबर वाटले होते.